पेंढ्यात ठेवलेले दिवे

इकबाल, तुला मारत होते तेव्हा मी मच्छीमार सोसायटीच्या पायरीवर उभा होतो. दहा पावलांवर. मध्ये एक डांबराचा पिंप, काही बायका आणि तुझी निसटलेली एक चप्पल होती. पहिली थप्पड पडली तिचा आवाज मला ऐकू आला. दुसरी पडली तेव्हा तू डोळे मिटले नाहीस. तिसरी थप्पड नव्हती. ती वल्ह्याची मूठ होती. तू उजवा हात वर केलास म्हणून ती डोक्यात न बसता मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी पुस्तकांत पुष्कळदा वाचला होता. खरा आवाज तसा नसतो. ओली काटकी मोडावी एवढाच असतो, आणि त्यानंतर माणूस ओरडेपर्यंत मध्ये थोडा वेळ जातो. तो मधला वेळ मला अजून झोपू देत नाही.

तुला माती देऊन एकवीस दिवस झाले. वाचनालयाच्या अंकासाठी तुझ्यावर काही लिहून द्या, असा निरोप आला आहे. तुझा जन्म, तुझी जहाजावरची वर्षं, तुझी मुलं, हे त्यांना जुबेदाभाभीकडून मिळेल. मला तुझ्याशीच बोलायचं आहे. तू असताना दोन वर्षं ते टाळलं. आता तुला उठून जाता येत नाही आणि मलाही.

आपल्या दोघांत मारामारीचं काम पहिल्यापासून तुझ्याकडे आणि वाचण्याचं माझ्याकडे. तू उर्दू शाळेतून पाचवीत आमच्या वर्गात आलास. सहावीत बंदरावरच्या मुकादमाच्या मुलाने माझ्या हातातलं वाचनालयाचं पुस्तक ओढून घेतलं आणि धक्क्यावर बसून एकेक पान फाडून खाडीत सोडलं. मी रडलोही नाही. कितवं पान गेलं ते बघत राहिलो. तू आलास, काही विचारलं नाहीस, आणि पाटीचा कोपरा त्याच्या तोंडावर घातलास. त्याचा पुढचा दात पडला. तो तू उचलून माझ्या हातावर ठेवलास आणि म्हणालास, "पान नाय मिळायचं आता. ह्यो ठेव." हेडमास्तरांनी तुझ्या तळहातावर छडी मोडेपर्यंत मारलं. का मारलंस, कुणासाठी मारलंस, या प्रश्नाला तू उत्तर दिलं नाहीस. मी तेव्हाही तिथेच होतो, दाराच्या आत, पहिल्या बाकावर.

मला पोहायला तूच शिकवलंस. म्हणजे धक्क्यावरून ढकललंस. नाकातोंडात खारं पाणी जाऊन मी वर आलो तेव्हा तू वाकून हसत होतास, आणि तुझा हात मात्र पाण्यात माझ्यापर्यंत आलेला होता. इतक्या वर्षांत मी तुझ्याबद्दल जे काही समजलो ते सगळं त्यात आहे. आधी ढकलणार, मग हात देणार, आणि दोन्हींबद्दल एक शब्द बोलणार नाही.

तू इलेक्ट्रिशियन होऊन जहाजावर गेलास, मी देवरूखला मराठी शिकवायला लागलो. सुट्टीवर आलास की माझ्यासाठी पुस्तकं आणायचास. कुठल्या कुठल्या बंदरांत खलाशी केबिनमध्ये टाकून गेलेली. एकही आपल्या दोघांना वाचता येईल अशा भाषेत नसायचं. एकाची तर लिपी कुठली तेही मला अजून कळलेलं नाही. "वाच की," तू म्हणायचास, "मास्तर ना तू?" ती सगळी माझ्या फळीवर आहेत. तू दिलेलं एकही पुस्तक मला वाचता आलं नाही आणि एकही मी कुणाला दिलं नाही.

मग तू कायमचा परत आलास, आणि त्याच सुमाराला आपल्या वाडीत कंपनी आली.

तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. सहा-सहा, आठ-आठ तास वीज नसायची. मुंबईची ती कंपनी दिवेच बनवायची. तेवढाच उजेड, पाचव्या हिश्श्याच्या विजेत, असे ते वेटोळ्याचे पांढरे सीएफएल. त्यांनी खाडीकाठच्या काही वाड्या दत्तक घेतल्या. सामाजिक बांधिलकी हा शब्द वाडीने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घरटी दोन पिवळे बल्ब द्यायचे, दोन नवे सीएफएल फुकट घ्यायचे. अट एकच. जमा झालेले पिवळे बल्ब सगळ्यांसमोर फोडायचे. नाहीतर तेच बल्ब पुन्हा गोठ्यात आणि पडवीत लागतात आणि वीज वाचत नाही. फोडतानाचे फोटो मुंबईला जायचे. त्यांनी गावचा प्रतिनिधी म्हणून तुला नेमलं, पिवळी टोपी दिली, आणि तू मला गाठलंस. गावात वाटायचा कागद लिहून दे म्हणालास. तुझं मराठी अक्षर म्हणजे उलट्या वाऱ्यात शीड लावलेली होडी. हे तूच म्हणायचास.

मी आनंदाने लिहिलं. लपवत नाही, मला अभिमान होता. माझ्या वह्यांतलं काही कधी छापलं गेलं नव्हतं, आणि इथे घराघरांत माझं वाक्य जाणार होतं. वर मोठ्या टाइपात: जुना दिवा फोडा, नवा दिवा जोडा. शाळेतल्या मुलांना म्हणून दाखवलं तर त्यांनी ते टाळ्यांवर धरलं. त्यातच मला कळायला हवं होतं.

तू वाचलंस आणि म्हणालास की खाली आणखी घाल. हा नवा दिवा विझला तर फोडू नका. आत पारा असतो. तसाच परत द्या. मी घातलं. कागद घेऊन आपण रत्नागिरीला कंपनीच्या समाजकार्य विभागाच्या मॅडमना भेटायला गेलो. त्या वाईट नव्हत्या, इकबाल. वयाने लहान होत्या, उन्हातून वाड्या-वाड्या फिरायच्या. त्यांनी कागद वाचला, वरच्या ओळीला दाद दिली, आणि म्हणाल्या की पारा हा शब्द जरा भीतीदायक वाटतो, पहिल्याच कागदावर नको, पुढे सांगू. पण शेवटी लेखक तुम्ही, तुम्ही ठरवा. मग त्यांनी माझ्या शाळेची चौकशी केली. वाचनालय आहे का? आहे, म्हटलं, पुस्तकं खोक्यांत असतात, वाळवी लागते. लोखंडी कपाट आणि पुस्तकं देता येतील, त्या म्हणाल्या. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं त्या कुठेही म्हणाल्या नाहीत. तो मी जोडला. बाहेर व्हरांड्यात बसून मी माझ्या तपासणीच्या लाल पेनने तुझी तिन्ही वाक्यं खोडली.

तू चहा सांगायला गेला होतास. परत आलास, कागद बघितलास आणि कप खाली ठेवलास. आपलं ते भांडण अजून संपलेलं नाही.

मी म्हणालो, लोक घाबरतील, दिवे घेणार नाहीत. तू म्हणालास, "घाबरू देत. बोटीवर दारादारावर लिवलेला असतो, हात लावलास तर मरशील. म्हणून मानसं जिती ऱ्हातात." मग तू मला ती गोष्ट सांगितलीस, जी घरी कधी सांगितली नव्हतीस. इंजिनखोलीतल्या एका पॅनेलवरची पाटी रंगवायला काढली होती, एका दुपारपुरती. तुझ्याच वयाचा मदतनीस आत गेला. पान्यासकट चिकटला. तुम्ही त्याला लाकडी फळीने हाणून हाणून सोडवलं, तोवर त्याच्या हाताचा कोळसा झाला होता. "पाटी दुपारची चार वाजता सुकली," तू म्हणालास. "मीच परत लावली."

एवढं ऐकून मी काय म्हणावं? मी म्हणालो, "ते जहाज होतं रे. इथे काय एवढं." आणि वर, मराठीतलं मला कळतं, असंही म्हणालो. तू माझी कॉलर धरलीस. व्हरांड्यात, लोकांसमोर. बटण तुटून जिन्यावरून खाली गेलं. मला वाटलं मारणार. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू कॉलर सोडलीस, हाताने सारखी केलीस आणि म्हणालास, "चल, गाडी सुटंल."

फोडण्याचा दिवस तुला आठवतो का? सोसायटीसमोर डांबराचा रिकामा पिंप मांडला होता. पहिल्यांदा लोक लाजत होते. धडधाकट बल्ब कुणी हाताने फोडतं का? मग सुलभावहिनी पुढे आल्या. सुकटीच्या धंद्यावर पाच माणसांचं घर चालवणाऱ्या, बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांनी पदर खोचला आणि बल्ब असा आपटला की बंदुकीसारखा बार झाला. तिथून सगळे सुटले. बायका, म्हातारे, शाळेतली पोरं. कुणी सासूचं नाव घेऊन आपटलं, कुणी सावकाराचं, कुणी वीज मंडळाचं. आपल्याकडे शिमग्याला होळीभोवती ओरडत अर्वाच्य फाका घालतात, तशा त्या दिवशी भर वैशाखात लोकांनी फाका घातल्या. तू पहार घेऊन पिंपात काच कुटत होतास, टोपी उलटी, अंगावर घाम. तुलाही मजा आली होती. हे मी सांगितलं पाहिजे, कारण तू संत नव्हतास. फोडण्यात सुख असतं. वर्षभर दुसऱ्यांचा मार खाणाऱ्या माणसांना एक दिवस आपल्या हाताने काहीतरी फोडायला मिळालं, आणि मुंबईहून आलेल्या साहेबांनी त्याला टाळ्या वाजवल्या. वर माझ्या कागदाने त्याला यमक जुळवून दिलं.

माझ्या शाळेत कपाट आलं. पहिली काही वर्षं दिवे जळले. मग एकेक विझायला लागले.

विझलेले दिवे न्यायला कंपनीची गाडी येणार होती. ती एकदा आली, फोटोवाला घेऊन. दुसऱ्यांदा आली नाही. मॅडम नोकरी बदलून गेल्या. त्यांच्या जागी आलेले साहेब फोन उचलत नसत. तू घरोघर सांगत फिरलास की फोडू नका, माझ्याकडे द्या. पण तू तोंडाने सांगत होतास, आणि सोसायटीच्या भिंतीवर माझा कागद चिकटवलेला होता. छापलेल्या शब्दापुढे बोललेल्या शब्दाचं काय चालतं? तू मला एकदाच म्हणालास की दुसरा कागद काढूया. मी परीक्षा झाल्यावर बघू म्हणालो.

त्या वर्षी शिमग्याला मी वाडीत होतो. पालखी घरं घेत फिरत होती, मुंबईचे चाकरमानी आले होते. तू सकाळी रत्नागिरीला गेला होतास, कंपनीच्या वितरकाला भेटून विझलेल्या दिव्यांचं काय ते विचारायला. हे मला नंतर कळलं. दुपारी तीनच्या सुमारास कुणीतरी तोच पिंप ओढत आणला. घरात विझलेले दिवे साठलेत, ते शिमग्यात फोडून टाकूया. कुणी म्हणालं, फोडायचे का पण? दुसऱ्याने भिंतीकडे बोट केलं. जुना दिवा फोडा. लिवलेलाच हाय.

मी पायरीवर होतो. मला ठाऊक होतं. मी "अहो, थांबा" म्हणालो. किती मोठ्याने, ते सांगतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने मागे वळूनही पाहिलं नाही.

दिवे पिंपात पडायला लागले आणि फाका सुरू झाल्या. तेवढ्यात खालच्या वाटेने तू धावत आलास. दोन्ही हात वर करून ओरडत होतास, फोडू नका, फोडू नका. त्यांना वाटलं तूही आरोळी देतोयस. शिमगाच होता. त्यांनी तुझ्याकडे बघून दुप्पट जोराने बोंब मारली आणि एकाने पहार उचलून पिंपात घातली. एका दिव्याचं वेटोळं फुटून काच वर उडाली. सुलभावहिनी पिंपावर वाकलेल्या होत्या. त्यांनी डाव्या डोळ्यावर हात दाबला आणि बोटांमधून रक्त आलं. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसल्या.

तू माणसं ढकलत पिंपाजवळ गेलास. "आत पारा हाय! पोरं मागं घ्या, वाऱ्याच्या खाली उभं ऱ्हाऊ नका!" त्या क्षणी सगळं थांबलं. मग एक जण म्हणाला, पारा? दुसरा म्हणाला, म्हणजे विष? आमच्या घराघरांत विष लावलंस तू? भिंतीवरचा कागद कुणीतरी टराटरा काढला आणि तुझ्या तोंडासमोर धरला. हितं का नाय लिवलास? कुणी लिवलान ह्यो कागद?

तू माझ्याकडे पाहिलंस. फार नाही, कागद वाऱ्याने हलावा एवढा वेळ. मी भिंतीवर उरलेल्या डिंकाच्या डागाकडे बघत राहिलो. आणि तू म्हणालास, "मी."

पुढचं सुरुवातीलाच लिहून झालं आहे. एवढंच राहिलं की मारणाऱ्यांत हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या, दोन्ही आळींतले होते. तुझा चुलतभाऊ होता. लहानपणी आपल्याबरोबर खेकडे धरणारा माणूस होता, त्याने लाथ घातली. तू पडल्यावर काचेवर पडलास आणि तुझी पाठ रक्ताने भिजली. सुलभावहिनींना न्यायला जीप आली आणि तिला वाट हवी होती, म्हणून लोक बाजूला झाले. त्याच जीपमध्ये तुलाही टाकलं. पालखी पुढच्या घरी गेली.

मी इस्पितळात आलो, मोसंबी घेऊन. तुझ्या मनगटात सळई घातली होती. मी खुर्चीवर बसलो. का म्हणालास "मी"? हे विचारायला आलो होतो. तू छताकडे बघत होतास. तसाच बघत म्हणालास, "कपाट आला का रे?"

आलं, मी म्हणालो. चांगलं आहे, म्हटलं. काचेचं दार आहे.

"बरा झाला," तू म्हणालास.

इकबाल, तू ते टोचून म्हणालास की खरंच विचारलंस? दोन वर्षं मी हे दोन्ही बाजूंनी वाचतो आहे. मला मराठीतलं कळतं, म्हणालो होतो ना मी. मला हे एवढं एक वाक्य कळत नाही.

त्यानंतर मी वाडीत येणं कमी केलं. सुट्टीत तपासायला पेपर आहेत, पाठ दुखते, अशी कारणं. तू मात्र तुझ्या त्या अर्धीच मूठ वळणाऱ्या हाताने, ज्यांनी तुला मारलं त्यांच्याच दारांत जाऊन विझलेले दिवे मागून आणायला लागलास. कुणी दार लावलं, कुणी शिवी दिली. सुलभावहिनी इस्पितळातून आल्यावर पहिला दिवा त्यांनी दिला, असं भाभी सांगते. मग हळूहळू सगळे द्यायला लागले.

आणि मग ते अवेळी वादळ. भात कापून पडलं होतं तेव्हाचं. रात्रभर माड मोडत होते. सकाळी पाऊस थांबला तेव्हा खालच्या गल्लीत घोटाभर पाणी आणि त्यात विजेची तुटलेली तार पडली होती. कुणाची तरी म्हैस त्या पाण्यात आडवी होती. लोक बाहेर यायला लागले होते. तू गडग्यावर, गल्लीच्या दगडी कुंपणावर, चढून ओरडलास, मागे व्हा, कुणी पाण्यात पाय घालू नका. या वेळी त्यांनी ऐकलं. सगळे मागे राहिले, म्हणून दुसरं कुणी मेलं नाही. सगळे मागे राहिले म्हणून तुझ्याजवळही कुणी नव्हतं. तू बांबूने तार गडग्यावर उचलून टाकत होतास. बांबू ओला होता, असं भाभी म्हणते. मला वाटतं उजव्या मुठीत तो धरवला नाही आणि निसटला. हे मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हतो. या एका वेळी मी खरोखर नव्हतो. पण त्या मनगटावर बसलेल्या वल्ह्याच्या मुठीपासून त्या गल्लीपर्यंत एक वाट जाते, आणि ती माझ्या लाल पेनापासून निघते, हे माझ्या डोक्यातून कुणी काढू शकत नाही.

तुझी बोटं काळी झाली होती. कफनात ती दिसत नव्हती. मी खांदा दिला, तीन मुठी माती टाकली.

परवा रविवारी तिने मला बोलावलं. तुझ्या मागच्या खोलीची कौलं वादळाने नेली आहेत. आत भिंतीला लागून आंब्याच्या पेट्या रचलेल्या होत्या, माझ्या छातीएवढ्या उंच. तिने एकीचं झाकण उघडलं. पेंढा. आणि पेंढ्यात, हापूस भरतात तसे, देठ एका बाजूला आणि प्रत्येकाभोवती बोटभर गवत, असे विझलेले दिवे. एकावर एक थर नाही, मध्ये पुन्हा पेंढा. दोन वर्षांचे सगळे. एकही फुटलेला नव्हता. वर कौलं फुटली, माड पडला, आणि खाली पेंढ्यात ते जसेच्या तसे होते.

"दर म्हैन्याला कंपनीला पत्र टाकायचे," भाभी म्हणाली. "घेऊन जावा म्हणून. मी ह्याला हात लावू का नको, शिरूभाय? कुणाला देऊ?"

काही पत्रांच्या प्रती पेटीवरच होत्या. तुझ्या अक्षरात. एकाला उत्तर आलं होतं: प्रकल्पाचा कालावधी पूर्ण झाला असून आपल्या सहकार्याबद्दल आभार.

तिथून मी सुलभावहिनींकडे गेलो. अंगणात त्या सुकट पसरत होत्या. डावा डोळा मिटलेला, त्या बाजूला मान वळवून बघायची आता त्यांना सवय झाली आहे. मी बसलो नाही. बसलो असतो तर परत गेलो असतो. म्हणालो, तो कागद मी लिहिला होता. आत पारा आहे, फोडू नका, असं इकबालने घालायला लावलं होतं, ते मी खोडलं.

त्यांनी हात थांबवला नाही.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "इकबालला रेशनचा अर्ज मी लिवून देत होते. असला गोड मराठी त्यानं कदी लिवलान? अख्ख्या वाडीला ठाऊक होता, मास्तर. तुमी पायरीवर हुबं होतात, तेपण बगितलानी सगळ्यांनी."

मी अंगणातल्या दगडावर बसलो. मग त्याला का मारलं, एवढंच विचारू शकलो.

"मास्तरावर हात कसा टाकणार? त्यांच्या पोरांना दर सुट्टीत तुमी शिकवलेला. तो म्हणाला मी. सोपा झाला." त्यांनी सुकट उलटली. "मी पडले होते म्हणून. नायतर मी तुमालाच मारला असता. त्याच्यादेखत."

मारा, मी म्हणालो. खरंच म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एका डोळ्याने नीट पाहिलं. मग आत गेल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. "आता काय मारू. तो गेला," त्या म्हणाल्या. "ह्ये दोन विझलेत. बाजाराच्या दिवशी यायचा न्यायला. आता तुमी न्या. आनि दर म्हैन्याला यायचा. पाठ दुखते सांगायचा नाय."

ते दोन मी तुझ्या अर्धवट भरलेल्या पेटीत ठेवले. पेंढा कसा दाबायचा ते भाभीने दाखवलं. पेट्या मी एकेक करून देवरूखला नेणार आहे. शाळेतलं ते काचेच्या दाराचं कपाट रिकामं करायला घेतलं आहे. पुस्तकं पुन्हा खोक्यांत जातील. वाळवीशी माझं जुनं भांडण आहे, ते मी बघून घेईन. पुढे हे दिवे कुणाकडे द्यायचे, ते शोधायचं आहे. पत्रं आता मी लिहीन. माझं अक्षर चांगलं आहे.

पहिली पेटी मांडीवर घेऊन मी दुपारच्या एसटीत बसलो. वादळाने रस्ता धुऊन नेला होता, आणि ड्रायव्हर गाडी अशी मारत होता की प्रत्येक खड्ड्याला पेटीतून काच हलल्याचा बारीक आवाज यायचा. मी दोन्ही हातांनी ती पोटाशी धरून होतो. कंडक्टर तिकीट फाडता फाडता हसला. "मास्तर, ह्या दिवसांत आंबे कुठले?"

आंबे नाहीत, मी म्हणालो. "विझलेले दिवे आहेत. आत पारा असतो. फोडायचे नसतात." मोठ्याने म्हणालो. मागच्या बाकापर्यंत गेलं.

शेजारची बाई उठून तिच्या मुलीला घेऊन पुढच्या बाकावर गेली. समोरच्या म्हाताऱ्याने पाय आखडून घेतले. घाबरले रे, इकबाल. कंडक्टर क्षणभर पेटीकडे बघत राहिला, मग दांड्याला धरत धरत पुढे गेला आणि ड्रायव्हरच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला.

गाडी हळू झाली.